नवीन फोन आला? थांबा, जुन्यातलं सिम एवढ्यात काढू नका

आमच्या घरात, नात्यात आणि ऑफिसात कुणाचाही नवीन फोन आला की चार दिवसांनी मला फोन येतोच. "अरे व्हॉट्सॲपचं सगळं गेलं", "जीपे चालू होत नाहीये", नाहीतर "जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला पण त्यात बाबांचे फोटो होते". दरवेळी चूक एकच असते. डबा फोडला, जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं, जुना रिसेट मारला आणि मग विचार सुरू केला. हे नेमकं उलटं करायचंय. आधी डेटा, मग व्हॉट्सॲप, मग सिम, मग यूपीआय आणि बँका, आणि रिसेट सगळ्यात शेवटी, तेही आठ दिवसांनी.

खाली जे लिहिलंय ते अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे १५ ते ३० हजारांतले फोन वापरणारे आपण सगळे. कंपनीप्रमाणे मेनूची नावं थोडी इकडेतिकडे होतील, ती सेटिंग्जमध्ये वरच्या सर्चमध्ये टाकून शोधा.

टप्पा १: ऑर्डर करायच्या आधी एक्स्चेंजचा निर्णय

हा टप्पा लोक धरतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ऑनलाइन एक्स्चेंज लावलं की डिलिव्हरीवाला दारात येतो, नवीन फोन देतो आणि जुना त्याच मिनिटाला घेऊन जातो. म्हणजे दोन्ही फोन शेजारी ठेवून डेटा घ्यायला तुम्हाला वेळ मिळतच नाही. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. पोरगा जिन्यात उभा, त्याला पुढच्या दहा डिलिव्हऱ्या, हे गडबडले, रिसेट मारला आणि दिला फोन. तीन वर्षांचे वारीचे फोटो त्यातच होते. बॅकअप चालू आहे असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात जीमेलची जागा भरल्यामुळे तो कधीचाच बंद पडला होता.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. एक्स्चेंजमध्ये मिळणारी रक्कम फार मोठी नसेल तर एक्स्चेंज लावूच नका. जुना फोन आठवडाभर घरात ठेवा आणि मग गावातल्या मोबाइलच्या दुकानात विका, पाचशे-हजार कमी मिळाले तरी चालतील. आणि एक्स्चेंज करायचंच असेल तर खालचा टप्पा ३ डिलिव्हरीच्या आदल्या रात्री पूर्ण झालेला पाहिजे, डिलिव्हरीवाला बेल वाजवतो तेव्हा नाही.

दुसरं म्हणजे सिम. जुनं कापून छोटं केलेलं, चुरगळलेलं, मधेच "नो सिम" दाखवणारं सिम असेल तर ते फोन बदलायच्या दोन दिवस आधी बदलून घ्या. सिम बदललं की सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद असतात, येणारेही आणि जाणारेही. म्हणजे ओटीपी नाही, यूपीआय नाही. नवीन फोन आणि नवीन सिम एकाच दिवशी केलंत तर तो दिवस गेलाच समजा.

> तपासा: नवीन फोनला मेमरी कार्डची जागा आहे का? या किमतीतल्या बऱ्याच नव्या फोनमध्ये ती नसते, काहींत असते पण दुसरं सिम किंवा कार्ड यातलं एकच बसतं. जुन्या कार्डावर फोटो असतील तर ते आधीच कॉम्प्युटरवर उतरवा.

टप्पा २: पासवर्डची वही

कंटाळवाणं काम आहे पण पंधरा मिनिटांत होतं. एक कागद घ्या आणि जुना फोन हातात असतानाच या गोष्टी खात्रीने माहीत आहेत का ते बघा:

१. गुगल अकाउंटचा पासवर्ड. फोन घेतल्यापासून तो कधी टाकलाच नाही म्हणून आठवत नाही, हे शंभरातल्या नव्वदांचं. आत्ताच बदलून घ्या, जुना फोन लॉगिन असताना बदलणं सोपं असतं.

२. फोनमध्ये गुगल अकाउंटं किती आहेत ते. दुकानदाराने फोन चालू करून देताना भलतंच अकाउंट बनवून दिलेलं असतं आणि सगळे काँटॅक्ट त्यात जातात. असं निघालं तर त्याचाही पासवर्ड लागेल.

३. व्हॉट्सॲपचा सहा आकडी टू-स्टेप पिन. विसरला असाल आणि ईमेल जोडलेला नसेल तर नव्या फोनवर सात दिवस थांबावं लागू शकतं. जुन्या फोनवर सेटिंग्ज > अकाउंटमध्ये जाऊन तो दोन मिनिटांत बदलता येतो.

४. व्हॉट्सॲप बॅकअपला "एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड" लावलंय का? लावलं असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी-अक्षरी की पाहिजे. ती नसेल तर व्हॉट्सॲपवालेही तुमचा बॅकअप उघडून देऊ शकत नाहीत. आठवत नसेल तर आत्ताच बंद करून साधा बॅकअप घ्या.

५. ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिन करताना टाकायचे आकडी कोड दाखवणारं) वापरत असाल, ऑफिसच्या मेलसाठी वगैरे, तर ते गुगल अकाउंटला सिंक आहे का बघा, नाहीतर त्यातला एक्सपोर्टचा क्यूआर नव्या फोनने स्कॅन करायचाय हे लिहून ठेवा. जुना फोन गेल्यावर हे जमत नाही.

वहीत बँकेचे पिन लिहू नका, हे सांगायची गरज नसावी, पण सांगतो.

टप्पा ३: बॅकअप, आणि तो खरंच झाला का ते बघणं

बॅकअप "चालू आहे" आणि बॅकअप "झालाय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळं येतं. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी यात धरत नव्हते, २०२४ पासून तोही धरायला लागले. गुगल फोटोची अमर्याद फुकट सोय तर १ जून २०२१ लाच संपली. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तुमची जागा खातात, ती भरते, बॅकअप गुपचूप थांबतो आणि कोपऱ्यात एक छोटं उद्गारचिन्ह येतं, ते कुणी बघत नाही.

क्रमाने करा:

१. गुगल फोटो उघडा, वर तुमच्या फोटोवर टॅप करा. "बॅकअप पूर्ण" दिसलं पाहिजे. "जागा संपली" दिसलं तर एक महिन्याचा पैशाचा प्लॅन घ्या किंवा फोटो केबलने लॅपटॉपवर उतरवा, दोन्हीपैकी काहीतरी करा.

२. तिथेच बॅकअपच्या सेटिंगमध्ये "डिव्हाइस फोल्डर्स" बघा. नेहमीचा बॅकअप कॅमेऱ्याच्या फोटोंचा होतो, व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड हे वेगळं चालू करावं लागतं. लग्नाचे फोटो भावजींनी व्हॉट्सॲपवरच पाठवलेले असतात ना, ते इथे सुटतात.

३. काँटॅक्ट. काँटॅक्ट्स ॲपमध्ये कुठले नंबर "फोन" वर आहेत, कुठले "सिम" वर आणि कुठले गुगल अकाउंटवर ते दिसतं. फोन आणि सिमवरचे सगळे गुगल अकाउंटवर हलवा. मग लॅपटॉपवर गुगल काँटॅक्ट्सची वेबसाइट उघडून दूधवाला, गॅसवाला, शाळेची व्हॅन असे चार-पाच नंबर शोधा. तिथे दिसले तर झालं.

४. फोनच्या सेटिंग्ज > गुगल > बॅकअप मध्ये जाऊन "आत्ता बॅकअप घ्या". कॉल लॉग, एसएमएस, ॲपची यादी यात जाते.

५. जे कुठल्याच बॅकअपमध्ये आपोआप जात नाही ते हाताने: कॉल रेकॉर्डिंग, व्हॉइस रेकॉर्डर, कंपनीच्या नोट्स ॲपमधल्या नोंदी, लपवलेल्या किंवा लॉक केलेल्या फोल्डरमधले फोटो आणि डाउनलोडमधल्या पीडीएफ. सातबारा, पॉलिसीची पावती, पोरांचे निकाल हे सगळं डाउनलोडमध्येच पडलेलं असतं. लॉक केलेल्या फोल्डरचं तर विशेष बघा, बॅकअप नसेल तर रिसेटबरोबर ते कायमचं जातं.

> सावधान: "आता बॅकअप झाला" म्हणून जुन्या फोनवरचे फोटो एकेक करून डिलीट करत बसू नका. गुगल फोटो ॲपमधून डिलीट केलेला फोटो क्लाउडवरूनही जातो. काँटॅक्टचंही तसंच, सिंक चालू असताना जुन्यावर पुसले की नव्यावरूनही गायब. फोटो चुकून उडालेच तर ट्रॅशमध्ये बघा, बॅकअप झालेले तिथे ६० दिवस राहतात. जुना फोन रिकामा करायचा तो फक्त रिसेटने, आणि तो शेवटच्या टप्प्यात आहे.

टप्पा ४: यूपीआय लाइटचे पैसे परत बँकेत

हा छोटासा टप्पा आहे पण जवळपास कुणालाच माहीत नसतो. पिन न टाकता वीस-पन्नास रुपये जातात ते यूपीआय लाइट, त्यातली शिल्लक त्या फोनला बांधलेली असते. त्यात ५,००० रुपयांपर्यंत असू शकतात. जुन्या फोनवर, सिम त्यातच असताना, ॲपमध्ये यूपीआय लाइट बंद करा म्हणजे पैसे खात्यात परत येतात. खात्यात आल्याचा मेसेज बघा आणि मगच पुढे जा.

बाकी यूपीआय ॲपवरून बँक खातं काढायची किंवा यूपीआय आयडी उडवायची काही गरज नाही, उगाच ऑटोपेचे हप्ते अडकतील.

टप्पा ५: नवीन फोन चालू करणं, सिमशिवाय

सुट्टीचा दिवस धरा, सकाळचा. दोन्ही फोन किमान ७० टक्के चार्ज, घरच्या वायफायवर. जुन्या फोनमध्ये सिम तसंच राहू द्या, कारण आता जे ओटीपी येतील, गुगल जे विचारेल "हे तुम्हीच आहात का", ते सगळं जुन्या फोनवर येणार आहे. जुना फोन म्हणजे सध्या तुमच्या घराची किल्ली आहे, ती अजून कुणाला द्यायची नाही.

१. नवीन फोन चालू केल्यावर "ॲप्स आणि डेटा कॉपी करा" असं येतं, तिथे "स्किप" दाबू नका. इथे लोक घाई करतात आणि मग ती स्क्रीन परत सापडत नाही.

२. शक्यतो केबलने जोडा. वायरलेसही चालतं पण ४०-५० जीबी असेल तर जेवण होईल, वामकुक्षी होईल तरी संपणार नाही. कंपनीची स्वतःची ॲप्सही आहेत, सॅमसंगचं स्मार्ट स्विच, शाओमीचं मी मूव्हर, विवोचं ईझीशेअर, ओप्पो-रिअलमी-वनप्लसचं क्लोन फोन. कंपनी तीच असेल तर मला ही जास्त बरी वाटतात, कारण नोट्स आणि सेटिंग्जसुद्धा येतात.

३. मधे मधे "जाहिराती दाखवू का", "लॉकस्क्रीनवर रोज नवीन वॉलपेपर", "शिफारशी" असं काय काय विचारतात. सगळीकडे नाही म्हणा. एकदा हो म्हटलं की ते बंद करायला सेटिंग्जमध्ये अर्धा तास जातो.

४. स्क्रीन लॉक लगेच लावा, तो नसेल तर बँकेची ॲप्स पुढे सरकत नाहीत.

५. सिस्टम अपडेट असेल तर आत्ताच करून टाका, व्हॉट्सॲप टाकायच्या आधी.

> तपासा: नव्या फोनवर काँटॅक्ट, एसएमएस आणि फोटो दिसतायत का. ॲप्सची चित्रं आली म्हणजे आतला डेटा आला असं नाही, बहुतेक ॲप्समध्ये परत लॉगिन करायचं असतं.

टप्पा ६: व्हॉट्सॲप

दोन रस्ते आहेत. दोन्ही फोन हातात असतील तर थेट ट्रान्सफर, नसतील तर गुगलचा बॅकअप. मी नेहमी थेट ट्रान्सफर करतो, त्यात गुगलच्या जागेची भानगड नाही.

थेट ट्रान्सफर असं:

१. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप > सेटिंग्ज > चॅट्स > ट्रान्सफर चॅट्स. दोन्ही फोनचं वायफाय आणि लोकेशन चालू ठेवा.

२. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाका, नंबर टाका, ओटीपी जुन्या फोनवर येईल तो बघून नव्यावर टाका.

३. नव्यावर "जुन्या फोनवरून चॅट आणा" येईल, पुढे क्यूआर दिसेल, तो जुन्या फोनने स्कॅन करा. संपेपर्यंत दोन्ही फोन शेजारी ठेवा आणि हात लावू नका.

गुगल बॅकअपने करणार असाल तर जुन्यावर चॅट बॅकअपमध्ये जाऊन "बॅकअप" दाबा, "व्हिडिओसह" हवं असेल तर ती खूण करा, कुठल्या जीमेलवर चाललंय ते वाचा, आणि शेवटच्या बॅकअपची वेळ आजची दिसते का बघा. नव्या फोनवर तेच जीमेल आणि तोच मोबाइल नंबर पाहिजे, दोन्हीतलं एक जरी वेगळं असलं तरी बॅकअप सापडत नाही.

> सावधान: नव्या फोनवर "रिस्टोअर" हा प्रश्न सुरुवातीला एकदाच येतो. तिथे चुकून "स्किप" दाबलंत तर घाबरू नका, पण नवीन चॅट करत बसू नका आणि बॅकअप तर मुळीच घेऊ नका, नाहीतर जुन्या बॅकअपवर रिकामा बॅकअप बसेल. लगेच ॲप काढून परत टाका, प्रश्न पुन्हा येईल.

घरात ज्येष्ठांचा फोन बदलताय तर एवढं करा, चॅट आल्यावर त्यांच्यासमोर एक जुना फोटो उघडून दाखवा, दोन वर्षांपूर्वीचा. वरचे चार मेसेज दिसले म्हणजे सगळं आलं असं धरून चालू नका.

टप्पा ७: आता सिम, मग यूपीआय आणि बँका

आता जुना फोन बंद करा, सिम काढा, नव्यात घाला. ट्रे उघडायची पिन डब्यातच असते. ती मायक्रोफोनच्या भोकात घालून बघणारे महाभाग मी पाहिलेत, तर ट्रेच्या शेजारचंच भोक आहे ना ते बघून घाला.

यूपीआय चालू होताना तुमच्या फोनवरून बँकेकडे एक एसएमएस गुपचूप जातो, त्यावरून बँकेला कळतं की हे सिम याच फोनमध्ये आहे. जीपे, फोनपे किंवा कुठलंही ॲप अडतं ते बहुतेक वेळा याच एसएमएसवर. तर हे बघा:

१. बँकेत नोंदवलेला नंबर ज्या सिमवर आहे तेच सिम ॲपमध्ये निवडा. दोन सिमवाल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते.

२. प्लॅनमध्ये एसएमएस आहेत का? काही स्वस्त प्लॅनमध्ये नसतात, मग थोडा टॉकटाइम टाका.

३. ॲपला एसएमएस आणि फोनची परवानगी द्या. व्हीपीएन असेल तर बंद करा. तरी अडलं तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करून बघा.

४. यूपीआय पिन तोच राहतो, फोन बदलला म्हणून बदलत नाही. "पिन विसरलात?" वर जाऊन नवीन बनवत बसू नका.

५. बँकेचं स्वतःचं ॲप शेवटी. डेबिट कार्ड जवळ ठेवा, लागतं. सेटिंग्जमधलं डेव्हलपर ऑप्शन (ॲप बनवणाऱ्यांसाठीची सोय) चालू असेल तर काही बँकांची ॲप्स उघडतच नाहीत, ते बंद करा.

> सावधान: फोन बदलल्यावर पहिले २४ तास यूपीआयवर साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. म्हणजे पोराची फी, हॉलचं बुकिंग, सोनाराचे पैसे असतील त्या दिवशी फोन बदलू नका. दिवाळीच्या आदल्या दिवशी नवीन फोन घेऊन खरेदीला जाणाऱ्यांनी खिशात कॅश किंवा कार्ड ठेवा.

काही अडलं तर गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधून फोन लावू नका. तिथे खोटे नंबर असतात, ते स्क्रीन शेअर करायला लावतात आणि खातं साफ करतात. नंबर पासबुकवरून, कार्डाच्या मागून किंवा ॲपमधूनच घ्या. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

डिजिलॉकर मात्र सोपं आहे. नंबर, ओटीपी, सहा आकडी पिन, झालं. लायसन्स-आरसी त्यातच आहे, त्यामुळे गाडी घेऊन बाहेर पडायच्या आधी हे करून टाका.

टप्पा ८: पहिले आठ दिवस

जुना फोन चार्ज करून कपाटात ठेवा. रिसेट नाही, पुतण्याला खेळायला नाही.

या आठ दिवसांत दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, "बॅटरी लगेच उतरते". पहिले दोन-तीन दिवस फोन मागे ॲप्स उतरवत, फोटो लावत बसलेला असतो, त्यामुळे उतरतेच, लगेच फोन खराब निघाला म्हणून परत करायला धावू नका. चौथ्या-पाचव्या दिवशीही तेच असेल तर मात्र बॅटरीच्या सेटिंगमध्ये कुठलं ॲप खातंय ते बघा.

दुसरी, "व्हॉट्सॲपचे मेसेज ॲप उघडल्यावरच येतात". हे या किमतीतल्या फोनमध्ये फार होतं, बॅटरी वाचवायला फोन मागची ॲप्स मारून टाकतो. व्हॉट्सॲप, जीमेल, बँक, ऑफिसचं ॲप या सगळ्यांसाठी ॲप इन्फो > बॅटरी मध्ये "अनरिस्ट्रिक्टेड" करा आणि "ऑटोस्टार्ट" असेल तर तेही चालू करा. सगळ्याच ॲप्सना ही सूट देऊ नका, मग बॅटरीची पहिली तक्रार परत येईल.

रोजच्या वापरातली एकेक गोष्ट या दिवसांत करून बघा: गॅस बुकिंग, वीजबिल, शाळेचं ॲप, गाडीचं ब्लूटूथ, टीव्हीला जोडणं. जे राहिलं असेल ते आत्ताच कळेल आणि जुना फोन हाताशी असेल.

टप्पा ९: जुना फोन मोकळा करणं

आता रिसेट. पण त्यातही क्रम आहे:

१. मेमरी कार्ड आणि राहिलेलं सिम काढा, ई-सिम (कार्डाशिवायचं, फोनमध्येच असलेलं सिम) असेल तर डिलीट करा.

२. कंपनीचं अकाउंट, म्हणजे सॅमसंग, शाओमी वगैरे, त्यातून साइन आउट व्हा. याला पासवर्ड लागतो, म्हणून तो आधीच आठवून ठेवा.

३. सेटिंग्ज > अकाउंट्स मध्ये जाऊन सगळी गुगल अकाउंटं काढा.

४. स्क्रीन लॉक काढा.

५. मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रिसेट. पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून करायचा रिसेट नको, अकाउंट आत असताना तसं केलं की फोन पुढच्या माणसाला तुमचाच जीमेल पासवर्ड मागत बसतो आणि तो तुम्हाला रात्री दहाला फोन करतो.

> तपासा: रिसेटनंतर फोन एकदा चालू करून बघा. भाषा विचारतोय आणि जुनं अकाउंट मागत नाहीये, म्हणजे बरोबर झालं.

विकताना डायलरमध्ये *#०६# टाकून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर बघा आणि तो बिलावरच्याशी जुळवून घ्या. दुकानदाराकडून तारीख, आयएमईआय आणि त्याची सही असलेली पावती घ्या, साध्या कागदावर चालेल. उद्या तो फोन कुठल्या भानगडीत सापडला तर तो अमुक तारखेला तुमच्याकडून गेला होता हे दाखवायला तेवढाच कागद असतो, त्याचा फोटो काढून नव्या फोनमध्ये ठेवा. आणि हो, नव्या फोनचा आयएमईआयही डब्यावरून वहीत उतरवून घ्या, फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करायला तोच नंबर मागतात, आणि तेव्हा डबा माळ्यावर कुठे टाकलाय ते कुणालाच आठवत नसतं.